दोन वर्षांपूर्वीचं माप

मी तो कागद खिडकीकडे धरला. मग ट्यूबलाइटखाली धरला. मग एक्स-रे बघायच्या दिव्याच्या पेटीवर लावला. काळा तो काळाच. वरून गुळगुळीत प्लास्टिक, चारही कोपरे नीट गोल कापलेले, आणि आत डांबरात बुडवून काढल्यासारखी चौकोनी पट्टी.

"हे काय आहे?"

"दोन वर्षांमागचा इको, मॅडम," आप्पा म्हणाले. "कळवणला लॅमिनेशन करून घेतलंय. पाण्यात पडला तरी काय होत नाय त्याला."

ईशान, तारा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की आजी रिटायर होऊनही हॉस्पिटलमध्ये का जाते, आणि तिथून येते तेव्हा वैतागलेली का असते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: सवय. दुसऱ्यासाठी ही हकीकत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिली असती तर तुम्हाला सोपी गेली असती, पण मग तुमचं मराठी कोण वाचून घेणार?

आधी माझं काम सांगते. हृदयाची डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं ऑपरेशन करणारी. मी ऑपरेशन करत नाही. मी इको करते. छातीवर जेल लावून प्रोब फिरवायचा, आवाजाच्या लहरींनी हृदयाचं हलतं चित्र पडद्यावर येतं, आणि त्या चित्रावर मापं घ्यायची. ज्याचं माप हवं त्याच्या दोन कडांवर दोन खुणा ठेवतात, त्यांना कॅलिपर म्हणतात. दोन खुणांमध्ये तुटक रेघ येते आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा येतो. छाती उघडायची की नाही हे सर्जन ज्या आकड्यांवर ठरवतो, ते माझ्यासारख्या कोणीतरी काढलेले असतात.

आता तो काळा कागद. इकोचं चित्र ज्यावर छापतात तो एटीएमच्या पावतीच्या जातीचा कागद असतो. त्यात शाई नसते. उष्णता लागेल तिथे तो काळा होतो, तीच छपाई. लॅमिनेशनचं मशीन म्हणजे दोन तापलेले रूळ. त्यातून हा कागद गेला की सगळाच छापला जातो. आमच्या जिल्ह्यात माणूस जितका व्यवस्थित, तितका त्याचा इको काळा. बेफिकीर माणसं कागद चुरगाळून खिशात ठेवतात आणि त्यांचे आकडे वाचता येतात.

आप्पा फार व्यवस्थित होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, मुलाचं आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळं लॅमिनेट करून एका मापात रचलेलं होतं. मी स्वतः डबे उंचीप्रमाणे लावणारी बाई आहे. त्यांच्यावर रागावताना मला त्यामुळे जास्तच त्रास होत होता.

पेशंट त्यांचा मुलगा, संदीप. वय एकतीस, कंत्राटी वायरमन. सहा फूट उंच. कंत्राटदारानं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं म्हणून तो तपासणीला गेला, तिथल्या डॉक्टरला छातीत आवाज ऐकू आला, ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, आणि त्यानं माझ्याकडे पाठवलं. बरोबर वडील आणि बायको, ज्योती.

त्याच्या हृदयात काय होतं ते सांगते. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त नेणारी मोठी नळी म्हणजे महाधमनी, एओर्टा. तिच्या तोंडाशी एक झडप असते, व्हॉल्व्ह. तुमच्या व्हॉल्व्हला तीन पाकळ्या आहेत. तुम्ही इथे होतात तेव्हा मी दोघांच्याही मोजल्या आहेत. काही माणसं दोनच पाकळ्या घेऊन जन्माला येतात. त्याला बायकस्पिड व्हॉल्व्ह म्हणतात. पुष्कळांचं आयुष्य त्यावर बरं जातं. पण काहींच्या बाबतीत नळीची भिंतही जन्मापासून कमकुवत असते, आणि मुळाशी, म्हणजे रूटला, ती लसणाच्या गड्ड्यासारखी फुगत जाते. दुखत नाही, दम लागत नाही, काही कळत नाही. फार फुगली की एक दिवस भिंत फाटते. मग दवाखान्यापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळेलच असं नाही.

संदीपच्या रूटचं माप मी दोनदा घेतलं. सत्तेचाळीस मिलिमीटर.

आमचा सर्जन केदार. हुशार, हात चांगला, धीर कमी. मी त्याला शिकाऊ असल्यापासून ओळखते.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "म्हणजे ना इकडे, ना तिकडे. आधी किती होतं?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. रूट पन्नासच्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार सुरू होतो. त्याच्या आत असेल तर साधारणपणे थांबतात, गोळ्या देतात, नजर ठेवतात. पण वेग जास्त असेल, वर्षाला तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगत असेल, तर पन्नासची वाट बघायची नसते. म्हणून आजच्या आकड्याइतकाच जुना आकडा लागतो.

मी केदारच्या टेबलावर काळी पट्टी ठेवली.

"हे काय?"

"आधीचं."

त्यानं ती उलटी करून पाहिली. "मॅडम, मी वेग विचारतोय आणि तुम्ही मला पाटी देताय."

आप्पांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. हा साधा छापील फॉर्म होता, त्यामुळे लॅमिनेशनमध्ये वाचला होता. कळवणच्या एका मंगल कार्यालयात आमच्या हॉस्पिटलनं दोन वर्षांपूर्वी मोफत तपासणी शिबिर घेतलं होतं, त्याचा. त्यावर नुसत्या चौकटी होत्या आणि चौकटींत बरोबरच्या खुणा. व्हॉल्व्ह बायकस्पिड. गळती किरकोळ. महाधमनी मोठी. सल्ला, दर वर्षी इको. आकडा कुठेही नाही. आकडा फक्त त्या चित्राच्या कोपऱ्यात होता.

"हा फॉर्म भरणारा महाभाग कोण?" केदारनं विचारलं. "मोठी म्हणजे किती मोठी? आंब्याएवढी?"

मी सही पाहिली.

"मी," मी म्हटलं.

आप्पांनी पिशवीची चेन जरा सावकाश लावली.

फॉर्मवर आकड्याला जागाच नव्हती, हे खरं. समोर रांग फाटकापर्यंत गेली होती, हेही खरं. पण कोऱ्या जागेत दोन अंक लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. माझ्या ओपीडीत मी प्रत्येक माप वहीत लिहिते. शिबिरात लिहीत नसे. का, तर शिबिर म्हणजे खरं काम नव्हे, असं मी मनातल्या मनात ठरवलं असावं.

"दर वर्षी इको करा असं लिहिलं होतं," मी संदीपला म्हटलं. "मागच्या वर्षी का नाही आलास?"

"येणार होतो मॅडम. कांदा काढायला आला ना."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही होत नव्हतं."

"आत्ताही काही होत नाहीये. तेच तर सांगतेय."

शुक्रवारी सीटी स्कॅन करून परत या, असं सांगून केदारनं त्यांना पाठवलं आणि मी जुना आकडा शोधायला लागले. त्या तीन दिवसांनी माझं ब्लडप्रेशर संदीपच्या वर नेलं असणार.

रेकॉर्ड सेक्शनमधल्या बाईंनी शिबिराची फाइल लगेच काढून दिली. जाडजूड होती. मला आशा वाटली. आत दीपप्रज्वलनाचे फोटो होते, प्रमुख पाहुण्यांना शाल देतानाचे होते, नारळ देतानाचे वेगळे होते, बॅनरचं डिझाइन होतं, नाश्त्याच्या पोह्यांची ऑर्डर होती. तपासलेल्या लोकांची नावं होती. संदीपचंही होतं. नावापुढे मोबाइल नंबर, त्यापुढे "लाभ घेतला".

"मापं कुठे आहेत?"

"मापं म्हणजे, मॅडम?"

"इकोची."

"ती पेशंटला देतात ना?"

शिबिरात वापरलेलं पोर्टेबल मशीन एका कंपनीनं तेवढ्यापुरतं दिलेलं होतं. कंपनीच्या माणसाला फोन लावला. मशीन आता धुळ्याकडे असतं, असं तो म्हणाला. धुळ्याचा माणूस म्हणाला ते एक्स्चेंजमध्ये गेलं.

"आणि त्यातले पेशंट?"

"फॉरमॅट मारला मॅडम. डेटा प्रायव्हसी असते ना."

गुप्तता इतकी कडक की खुद्द पेशंटलाही त्याचा आकडा मिळू नये.

शुक्रवारी तिघं आले. सीटीतही सत्तेचाळीसच आलं. म्हणजे आजचं माप पक्कं होतं. केदार घड्याळ बघत होता. मी आप्पांना सांगत होते की जुना आकडा काही मिळाला नाही, आता अंदाजावरच ठरवावं लागेल. इतका वेळ गप्प बसलेली ज्योती म्हणाली, "लॅमिनेशन करायच्या आधी मी फोटो काढला होता."

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"सटाण्याच्या मामांना पाठवायला. ते मेडिकलमध्ये आहेत. आम्ही सगळे रिपोर्ट त्यांना दाखवतो."

"मेडिकलमध्ये म्हणजे डॉक्टर?" केदारनं विचारलं.

"नाही, मेडिकल स्टोअरमध्ये."

"मंगळवारी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तुम्ही कागद मागत होते. फोटोचं कुणी विचारलंच नाही."

ती फोनमध्ये मागे मागे जात राहिली. वाढदिवस, हळद, कुणाची तरी घरभरणी, ट्रॅक्टर. शेवटी सापडला. कॉटवरच्या फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेला इको. खाली मामांचं उत्तर होतं: "नॉर्मल शे. टेन्शन लेऊ नको."

मामा नॉर्मल म्हणतात तो इको बघून केदारनं डोळे मिटले. पण चित्राच्या कोपऱ्यात आकडा स्वच्छ दिसत होता. पंचेचाळीस.

"पंचेचाळीसचे सत्तेचाळीस," केदार म्हणाला. "दोन वर्षांत दोन. वेग नाही. ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायची, वजन उचलायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. आज ऑपरेशन नाही."

ज्योतीनं पदर डोळ्यांना लावला. आप्पा म्हणाले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, काय नाय म्हणून," आणि उठले. जाताना वणीला गडावर दर्शन घेऊन मग घरी, असं ठरलं. ज्योतीनं तो फोटो माझ्या फोनवर पाठवला आणि ते गेले. मला फार बरं वाटलं. कोणी विचारलं नसतं तरी मीच सांगितलं असतं की आता माझी वही पूर्ण झाली.

वहीनंच घोळ केला. जेवण झाल्यावर मी तो फोटो घरच्या कम्प्युटरवर उघडला, छापून वहीत चिकटवायला. फोनवर बोटाएवढं दिसलेलं चित्र आता पडदाभर झालं. आणि मला तुटक रेघ दिसली.

ती तिरकी होती.

रूटचं माप नळीला काटकोनात घ्यायचं असतं. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, सरळ. माझी वरची खूण बरोबर जागी होती. खालची पुढे घसरली होती, बरीच. रांगेकडे बघत बघत बटण दाबलं असणार. तिरकी रेघ नेहमी लांब भरते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी रूट पंचेचाळीस नव्हतंच.

मी चित्र कागदावर छापलं, पट्टी घेतली. तिरकी रेघ कागदावर त्रेसष्ट मिलिमीटर भरली. मशीनच्या हिशेबानं ती पंचेचाळीस, म्हणजे प्रमाण कळलं. मग मी काटकोनात सरळ रेघ मारली. छप्पन. भागाकार केला, चाळीस आले. पुन्हा केला. पुन्हा चाळीस.

चाळीसचे सत्तेचाळीस, दोन वर्षांत. वर्षाला साडेतीन.

केदारला फोन केला. तो जेवत होता.

"मॅडम, फोनचा फोटो, तोही चादरीवर ठेवून काढलेला. त्यावर पट्टी लावून तुम्ही मला मिलिमीटर सांगताय?"

"एखादा इकडे तिकडे होईल. पाच नाही होणार."

"सहा महिन्यांनी सीटी आहेच ना."

"सहा महिने तो खांबावर असेल, केदार."

"त्याला मी वजन उचलू नको म्हटलंय."

"खांबावर चढू नको म्हटलंयस का?"

"फोटो पाठवा," तो म्हणाला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "किती तिरकी आहे हो ही. कोणी ठेवला कॅलिपर?"

"मीच. एकाच शिबिराचं किती वेळा विचारशील?"

"बोलवा त्यांना परत," तो म्हणाला.

बोलवा म्हणणं सोपं. संदीपचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आप्पांचा बंद. आप्पा बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवतात आणि बोलायचं असेल तेव्हाच चालू करतात, हे मला नंतर कळलं. ज्योतीचा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दर पंधरा मिनिटांनी मी तिन्ही नंबर फिरवत होते आणि गडाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे येत होत्या. त्याला उंचीची, चढणीची सवय होती. तो धावतही चढला असता.

शनिवारी सकाळी ज्योतीनं उचलला.

"संदीप कुठे आहे?"

"ड्यूटीवर गेले, मॅडम. लाईनवर काम निघालं."

"खांबावर?"

"हो. डॉक्टर फक्त वजन उचलू नको बोलले. चढायचं काही नाही बोलले ना."

मी तिला सांगितलं की त्याला आत्ता खाली उतरव, आणि सोमवारी तिघं या. ती का म्हणून विचारत राहिली. हे फोनवर सांगायचं नव्हतं. ती घाबरली, आणि घाबरल्यामुळे तिनं ते काम चोख केलं. अर्ध्या तासानं संदीपचाच फोन आला. "मॅडम, उतरलो. आता काय झालं?"

सोमवारी द्वारका चौकात सिग्नल बंद होता. मी वीस मिनिटं उशिरा पोहोचले. तिघं आधीच येऊन बसले होते आणि केदारनं त्यांना ऑपरेशनचं सांगून टाकलं होतं. आप्पा उठून उभे राहिले नाहीत.

"शुक्रवारी म्हणाले घरी जा," आप्पा म्हणाले. "आज म्हणतात छाती उघडायची. मधल्या तीन दिवसांत पोराचं काय वाढलं?"

"काही वाढलं नाही आप्पा. माझं माप चुकलं होतं."

"शुक्रवारचं?"

"नाही. दोन वर्षांपूर्वीचं."

"मंग तवाचं चूक आन् आताचं बरोबर, हे कशावरून? उद्या म्हणाल आताचं बी चूक."

प्रश्न अगदी योग्य होता. त्याच जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, फक्त आवाज चढवून. मी त्यांना सीटीचं चित्र दाखवलं. दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या माणसांनी घेतलेलं माप एकच होतं. मग छापलेला जुना फोटो दाखवला, माझी तिरकी रेघ आणि सरळ रेघ. आप्पा कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. संदीप मात्र वाकून बघत होता.

"म्हणजे कसं आप्पा," तो म्हणाला, "रस्त्याच्या पलीकडं समोरच्या खांबाला तार टाकली तर कमी लागते. तिरकी नेऊन पुढच्या खांबाला टाकली तर जास्त लागते. रस्ता तेवढाच राहतो. मॅडमनी पुढच्या खांबाची तार मोजली."

"आन् एवढं त्यांना कळलं नाय?"

"कळतं," मी म्हटलं. "त्या दिवशी लक्ष नव्हतं."

आप्पा केदारकडे वळून म्हणाले, "थांबलो तर काय होईल?"

केदारला असं सरळ विचारलेलं आवडतं. त्यानं सरळ सांगितलं. थांबलो तर नळी याच वेगानं फुगेल. फाटली तर सगळंच संपलं. नाही फाटली तरी नळीबरोबर व्हॉल्व्ह ताणला जाईल, पाकळ्या मिटेनाशा होतील, गळायला लागेल. आज संदीपचा व्हॉल्व्ह चांगला आहे. फुगलेलं रूट कापून काढायचं, त्या जागी कापडी नळी बसवायची आणि त्याचाच व्हॉल्व्ह तिच्या आत शिवायचा, असं आज करता येईल. व्हॉल्व्ह बिघडल्यावर आला तर तोही बदलावा लागेल. त्याच्या वयात तो बहुतेक धातूचा बसवतात, आणि मग रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर.

"ती गोळी घेऊन खांबावर?" संदीपनं विचारलं.

"ती गोळी घेऊन पडलास तर रक्त थांबायचं नाही. मी सर्टिफिकेट देणार नाही."

"आणि माझाच व्हॉल्व्ह राहिला तर?"

"राहिला तर. उघडल्याशिवाय खात्री देत नाही. आणि चढायचं की नाही, ते बरा झाल्यावर पुन्हा तपासून ठरवू."

संदीपनं ज्योतीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मामांना विचारू का?" आणि पहिल्यांदाच आप्पा तिच्यावर खेकसले. "त्यांना नको. त्यांनीच नॉर्मल सांगितलं व्हतं."

दोन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. मी आत होते. अशा ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेत इकोचा प्रोब घालून ठेवतात. व्हॉल्व्ह शिवून झाला, हृदय पुन्हा चालू केलं, की तो गळतोय का हे मी पडद्यावर बघून सांगायचं. माझं काम एवढंच, पण तेवढ्यासाठी सगळे हात थांबवून माझ्याकडे बघत असतात.

केदारनं रूट उघडं केलं आणि मला बोलावलं. "मॅडम, बघून घ्या." निरोगी महाधमनी जाड, पांढरट पिवळसर असते. ही निळसर दिसत होती. एका बाजूला भिंत इतकी पातळ झाली होती की आतलं रक्त फिरताना बाहेरून कळत होतं. "सहा महिने," केदार स्वतःशीच म्हणाला.

कापडी नळी बसली. हृदयाला रक्त नेणाऱ्या दोन बारीक रक्तवाहिन्या या रूटमधूनच निघतात. त्यांची तोंडं शर्टाच्या बटणाएवढी कापून नव्या नळीला शिवली. व्हॉल्व्ह आत बसला. हृदय चालू झालं. मी पडद्यावर पाहिलं.

"गळतोय."

"किती?"

"मध्यम. एक पाकळी खाली पडतेय."

"चालण्यासारखा?"

"आज चालेल. पाच वर्षांनी नाही."

केदारनं मास्कच्या आत काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. पुन्हा हृदय थांबवलं, पुन्हा नळी उघडली, त्या पाकळीची कड दोन टाक्यांनी वर उचलली. पुन्हा चालू केलं. सगळे पुन्हा माझ्याकडे. मी यावेळी चित्र तीन बाजूंनी बघितलं. प्रत्येक बाजूनं खूण कुठे ठेवली ते मोठ्यानं सांगत गेले. शेजारच्या भूलतज्ज्ञ बाई हसायला लागल्या. हसू देत.

"नाही गळत," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

बाहेर आप्पा आणि ज्योती बाकावर बसले होते. केदारनं सांगितलं की व्हॉल्व्ह त्याचाच राहिला. ज्योतीला अर्थ लगेच कळला. आप्पांनी विचारलं, "मंग ती गोळी नाय?" नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली.

हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून जवळच्या सगळ्यांचा इको करायचा असतो. आप्पा स्वतःचा करून घ्यायला तयार नव्हते. मला काय झालंय, हेच पालुपद. शेवटी संदीपनं उपाय केला. "तुमचा झाल्याशिवाय मी ब्लडप्रेशरची गोळी घेणार नाही," म्हणाला. आप्पांच्या व्हॉल्व्हला तीन पाकळ्या निघाल्या. संदीपच्या पाच वर्षांच्या मुलीच्याही तीन. दोघांची मापं मी काटकोनात घेतली आणि केदारच्या ज्युनिअरला ती दुसऱ्यांदा घ्यायला लावली. त्याला वाटलं बाईंचं वय झालं.

चार महिन्यांनी संदीप तपासणीला आला. नळी जागेवर, व्हॉल्व्ह कोरडा. कंत्राटदारानं त्याला तोवर सबस्टेशनवर खालचं काम दिलं होतं. खांबाचं नाव काढलं की केदार अजून मान हलवतो, म्हणजे नाही म्हणतो. संदीप ऐकून घेतो आणि दर खेपेला पुन्हा विचारतो. तो माझ्यावर नाराज नव्हता. आप्पा होते का, हे मला कळत नव्हतं. संदीप शर्ट घालत होता तेव्हा ते आत आले.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"ती रेघ तिरकी हाय हे डॉक्टरांना दिसलं नाय. आम्हाला तर दिसणारच नव्हतं. तुम्ही बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंच नसतं. मंग बोलल्या कशाला?"

"संदीपला कळलं असतं," मी म्हटलं. "एखाद्या दिवशी, खांबावर."

त्यांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा ते खुर्चीत बसले, आणि मुलगा शर्टाची बटणं लावत होता तिकडे बघत राहिले.

तर ईशान, तारा, धडा एवढाच. कुठलाही आकडा लिहिताना तो कुठून कुठपर्यंत मोजला तेही लिहा. न लिहिलेला आकडा शोधत माणूस गावभर फिरतो. चुकीचा लिहिलेला असला की खरा कोणी शोधतच नाही.